दिलेली पाठ

कांबळे गुरुजींना मी पाडलेलं नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला जवळजवळ सगळा जन्म लागला, आणि ते वाचून गुरुजी स्वतः काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. म्हणतील, “शिवा, खोटं लिहू नको रे.” उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अजून काही म्हातारे टिकून आहेत. मी गावी गेलो की दुकानाच्या पायरीवरून ते हाक मारतात, “या या, मास्तराला पाडलेले पैलवान!” लग्नात तेच, मयतीत तेच. एकदा तर दवाखान्यात माझ्या पोटावर हात ठेवून बसलेल्या डॉक्टरला त्याच्या वडिलांनी मागून सांगितलं, “जरा जपून बग रे, ह्यांनी कांबळे मास्तर चितपट केलेत.” मी पुढं आडत सांभाळली, डाळ मिलमध्ये भागी केली, लातूरला घर बांधलं, पोरं शिकवली. त्यातल्या कशाचं कौतुक कुणाला नाही. एका संध्याकाळची, डोळ्याची पापणी लवेपर्यंतची ती एक कुस्ती तेवढी लोकांनी जपून ठेवली. आणि नेमकी तीच माझी नव्हती.

आमचं घर आडत दुकानाच्या मागंच होतं. पुढं पोती, मागं माणसं. सकाळी जाग यायची ती तुरीच्या चाळणीच्या आवाजानं. मग हमालांचे आवाज, सौद्याची बोली, पलीकडच्या डाळ मिलच्या पट्ट्याची फटक-फटक, आणि ह्या सगळ्यावरून स्टेशनातल्या गाडीची शिट्टी. घरातल्या प्रत्येक वस्तूवर डाळीचं बारीक पीठ बसलेलं असे, देवाच्या लिंगावर आणि वडिलांच्या टोपीवर सारखंच. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. अप्पा अंगानं काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे, आवाज मात्र सौद्यात कमावलेला. त्यांना कुस्तीचं वेड होतं. कुठल्या जत्रेत कोण कुणाला कुठल्या डावावर पडला हे त्यांना तोंडपाठ. कुस्तीतलं त्यांना सगळं कळत होतं, फक्त कुस्ती तेवढी येत नव्हती. ती त्यांनी माझ्याकडून वसूल करायची ठरवलं, आणि मिसरूड फुटायच्या आत मला लंगोट बांधून तालमीत नेऊन सोडलं.

आईचं, म्हणजे अव्वाचं, मत वेगळं होतं. तिच्या लेखी पैलवानकी म्हणजे दूध. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर, वर भिजवलेले बदाम आणि तुपात बुडवलेली शेंगापोळी. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे, त्यामुळं अंड्यामटणाची सगळी कसर ती दुधात भरून काढी. सणाला हुग्गी केली की गव्हाची ती खीर पहिल्यांदा माझ्या ताटात पडायची आणि मी जेवून तिथंच आडवा व्हायचो. शेजारणीनं विचारलं, “पैलवान कुठं हाय तुमचा?” तर अव्वा म्हणे, “पैलवान कुठला बाई, मांजर पाळलंय मी. दूध पितंय आन् झोपतंय.” अप्पा चिडत. “बगशील एक दिवस,” म्हणत. त्या एका दिवसाची अप्पा फार वाट बघत होते. हे मी आज लिहितो आहे ते त्यांच्यावर ढकलायला नव्हे. पण ते वाट बघत होते हे खरं.

तालीम म्हणजे पत्र्याचं एक लांबट दालन. मध्ये कमरेइतका खोल हौदा, त्यात तांबडी माती. मौला वस्ताद त्या मातीला लेकरासारखं जपायचे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती अशी मऊ ठेवत की भुकेल्या पोराला खावीशी वाटावी. आणि आम्ही खातही होतो, तोंडावर पडल्यावर दुसरं काय होणार. तिथंच मला कांबळे गुरुजी भेटले. ते प्राथमिक शाळेत मास्तर, तेव्हा तिशीच्या आसपासचे, खांदे रुंद, चालणं संथ. शाळा सुटली की सायकलवर येत. सदरा काढून घडी घालत, चष्मा काढून त्या सदऱ्याच्या खिशात ठेवत, सदरा कोनाड्यात ठेवत, आणि बोटांवरचा खडू मातीत पुसत हौद्यात उतरत. चष्म्याशिवाय त्यांना आमची तोंडं नीट दिसत नसत. त्याचा ते पुरेपूर फायदा घेत. मला म्हणत, “कोण रे तू? बन्सीलाल का? लठ्ठ झालास बन्सीलाल.” बन्सीलाल हा आमच्या दुकानातला मुनीम होता आणि त्याचं वय साठ होतं.

गुरुजींची लढायची तऱ्हाही मास्तरकीचीच होती. पोराला खाली दाबून धरायचं आणि वरून पाढे विचारायचे. “सतरा साते?” मानेवर त्यांचा हात, नाकात माती, आणि सतरा साते. चुकलं की नाक आणखी बोटभर आत. बरोबर आलं की हात थोडा सैल. शाळेतल्या कुणाही मास्तरानं शिकवले नसतील इतके पाढे मी त्या हौद्यात पालथा पडून शिकलो. आजही एकशे एकोणीस हा आकडा कुठं दिसला तर माझ्या तोंडाला ताकाची आंबट चव येते.

गुरुजी नेहमी आम्हा पोरांबरोबरच जोर करत, म्हणजे सरावाच्या कुस्त्या धरत. मोठी माणसं त्यांच्याशी धरत नसत. कुणी तसं बोलून दाखवत नसे. एकाचा गुडघा दुखत असायचा, दुसऱ्याचं अंग गरम असायचं, तिसरा आत्ताच घाम पुसून बसलेला असायचा. गुरुजींचं घर धर्मांतरित बौद्धांच्या वस्तीत होतं आणि ह्या गुडघ्यांचा त्या वस्तीशी काय संबंध आहे, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. वस्तादांना कळत होतं. ते एवढंच म्हणत, “मास्तर, तुम बच्चोंकू संभालो. बच्चोंके घुटने अभी अच्छे हैं.” आणि गुरुजी हसत.

आमच्या तालमीत एक रीत होती. ती इथं नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. मोठा माणूस पोराशी जोर करतो तेव्हा तो पोराच्या वजनाइतकाच होऊन लढतो. अंगाचा भार टाकत नाही, उचलून आपटत नाही. आणि दिवसाची शेवटची कुस्ती पोराची. त्यात मोठ्यानं पाठ द्यायची, म्हणजे पोराचा डाव लागू देऊन चित व्हायचं. वस्ताद म्हणत, “बच्चा हारके घर गया तो कल आताच नै. आखरी कुस्ती उसकी.” पण पाठ दिली हे देणाऱ्यानं कधी सांगायचं नाही. घेणाऱ्यानं सांगितलं तर सांगितलं. देणाऱ्याचं तोंड बंद. गुरुजींची पाठ द्यायची खूणही ठरलेली होती. झटापटीत त्यांचा हात माझ्या पाठीवर यायचा आणि दोन बोटं हलकेच टकटक करायची. त्याचा अर्थ, आता घे. मग मी डाव टाकायचो आणि तो पहाडासारखा माणूस धप्पदिशी उताणा व्हायचा. वर बघत म्हणायचा, “मेलो रे बन्सीलाल!” मी घरी जाऊन तांब्याभर दूध पिऊन जगज्जेता होऊन झोपायचो.

त्या वर्षी वस्तादांनी एक काम केलं. जवळच्या एका गावच्या जत्रेत गुरुजींची जोड लावली, बिदरकडच्या एका पैलवानाशी. पोराशी नव्हे, मोठ्या माणसाशी, भरल्या फडात, हलगीच्या तालावर. त्यासाठी त्यांना जत्रेच्या पाटलांच्या किती विनवण्या कराव्या लागल्या ते मला नंतर कळलं. पाटील हो म्हणाले, पण दातांत काही अडकल्यासारखं. गुरुजी त्या दिवसांत बदलले. पाढे थांबले. आमच्याशी जोर करून झाला की एकटेच बैठका मारत राहत, आणि मध्येच काहीतरी आठवून हसत. एकदा मला म्हणाले, “शिवा, आपल्या अंगात खरं किती बळ हाय ते मला अजून ठावच न्हाई बग. तुमच्यासंगं अर्धंच वापरायचं. उरलेलं अर्धं कसं हाय ते एकदा बगायचंय.” हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

जत्रा आठवड्यावर आली असताना पाटील तूर घेऊन आमच्या दुकानी आले. सौदा झाला, चहा झाला, धपाटे आणि दही झालं, आणि अप्पांना हुक्की आली. “चला पाटील, आमचं पोरगं दावतो.” दिवस मावळतीला दोघं तालमीत आले. मी आणि गुरुजी शेवटच्या कुस्तीत होतो. गुरुजींची पाठ दाराकडं. मला दारात पाटलांचा पांढरा फेटा दिसला आणि त्याच्या बाजूला अप्पांचं तोंड. तसं तोंड मी आधी कधी बघितलं नव्हतं; सौद्यात हरायला आलेल्या माणसाचं असतं तसं, आशेनं केविलवाणं झालेलं. त्याच क्षणी माझ्या पाठीवर दोन बोटं वाजली. मी गुरुजींचा दंड बगलेत दाबला, कमर आत घातली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ढाक मारली. गुरुजी माझ्या कमरेवरून गेले आणि उताणे पडले. “मेलो रे” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून अप्पांची आरोळी आली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. अप्पा चपलांसकट हौद्यात उतरले. मला उचलायचा प्रयत्न केला, उचललो गेलो नाही, म्हणून नुसतेच मिठी मारून नाचले. पाटील दारातूनच वस्तादांना म्हणाले, “ह्याच पैलवानाची जोड लावायलात व्हय आमच्या फडात? आडत्याच्या पोराकडून पडतंय की हे. लोक हसतील आमाला.” त्यांच्या दातांत अडकलेलं निघालं होतं. त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं आणि ते मी होतो. वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. देणाऱ्याचं तोंड बंद, ही रीत त्यांचीच. आता बोलू शकणारा तालमीत एकच होता. अप्पांचा हात माझ्या गळ्यात होता. मी मातीकडं बघत राहिलो. गुरुजी उठले, अंग झाडलं, कोनाड्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, दाराकडं नीट बघितलं. मग म्हणाले, “पोरगं तयार झालं हो अप्पा.” बस्स. सायकलवर बसून गेले.

त्या रात्री आमच्या गल्लीत पेढे वाटले. अव्वानं पेढा तोंडात टाकून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, “खरंच पाडलास का रे?” मी दूध पीत होतो. तांब्या तोंडाला असला की उत्तर द्यावं लागत नाही, हा दुधाचा मोठा गुण आहे.

जत्रेत गुरुजींच्या जागी दुसऱ्याच कुणाची जोड लागली. माझी नारळाची कुस्ती होती, म्हणजे जिंकणाऱ्या पोराला नुसता नारळ मिळतो ती. भालकीच्या एका पोरानं मला शड्डू ठोकायच्या आधीच पाडलं असं म्हणायला हरकत नाही. ते मात्र कुणी लक्षात ठेवलं नाही. गुरुजी आमच्यातच बसून गरम भजी खात फड बघत होते. बिदरचा पैलवान उतरला तेव्हा त्यांचं खाणं थांबलं. त्याची कुस्ती संपेपर्यंत भज्याचा कागद त्यांच्या हातात तसाच राहिला आणि तेल मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं. पुढं त्यांची बदली किनवटकडं एका आश्रमशाळेवर झाली. तिथं वसतिगृहातल्या पोरांना त्यांनी कुस्ती शिकवली म्हणतात. स्वतः फडात कधी उतरले नाहीत. उरलेलं अर्धं बळ कसं असतं ते त्यांना बघायला मिळालं नाही.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण माझी नात ईश्वरी. ती अकरा वर्षांची, लातूरला आमच्याबरोबर राहते, आणि आठवड्यातून चार दिवस ब्राझिलियन जिऊ-जित्सू नावाची परदेशी कुस्ती शिकते. बंद पडलेल्या एका डाळ मिलच्या गोदामात गाद्या अंथरून राठोड सर हा वर्ग चालवतात. सर किनवटकडच्या तांड्यावरचे, हैदराबादेत शिकून आलेले, वयानं माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान. आजूबाजूला सगळीकडं डॉक्टर करून देणारे क्लास; मधोमध हा एकच गळा आवळायला शिकवणारा. विद्यार्थी कमी, म्हणून पोरं आणि मोठी माणसं एकाच गादीवर. एक बँकेतले साहेब, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एक मोबाइल दुरुस्त करणारा दांडगा गडी, आणि बाकी सगळी चिल्लीपिल्ली. सरांचा नियम असा की मोठ्यानं लहानाशी खेळताना गुडघ्यावर बसायचं, भार टाकायचा नाही, लहानाला डाव करू द्यायचा. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मी सरांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मातीची गादी झाली, लंगोटाचा जाड पांढरा सदरा आणि पट्टा झाला, पण मौला वस्ताद काही मेलेले दिसत नाहीत, असं मला वाटलं.

निवृत्तीनंतर गुरुजीही लातूरलाच मुलाकडं आले आहेत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. ऐंशी ओलांडली, काठी आली, कान मात्र शाबूत. ईश्वरीला सोडायला जाताना मी त्यांनाही रिक्षात घेतो. गोदामाच्या भिंतीशी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आमच्या ठरलेल्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला माझी ओळख करून दिली, “हे शिवाप्पा. लहानपणी मला पाडलेले हाईत. यांच्यापासून जरा लांबच राहा.” तेव्हापासून ती पोरं माझ्याकडं भलत्याच आदरानं बघतात. बँकेतले साहेब तर मला डाव विचारतात. मी गुरुजींना कितीदा म्हणालो, “गुरुजी, त्या दिवशीचं एकदा बोलू द्या मला.” दरवेळी ते दुसरंच काही काढतात. “ती पोरगी बग कशी उताणी पडून लढायली,” म्हणतात. “आपल्यात उताणं पडलं की संपलं. हितं उताणं पडलं की सुरू. लई मजेची गादी हाय बाबा.”

गेल्या महिन्यात एक दिवस मोबाइलवाला गडी आला नाही आणि ईश्वरी जोडीविना उरली. सर माझ्याकडं वळले. “आजोबा, येता का? हळूच खेळू.” मी नाही म्हणणार तेवढ्यात बाजूच्या खुर्चीतून आवाज आला, “जा की रे. मला पाडलास, एक नात पडंना व्हय तुला?” सगळी पोरं हसली. मी चष्मा आणि कवळी रुमालात गुंडाळून गुरुजींच्या हातात दिली, आणि पायजमा खोचून गादीवर गेलो.

माझ्या मनात सरळ हिशेब होता. गुडघ्यावर बसायचं, पोरीला दोन डाव करू द्यायचे, शेवटी पाठ द्यायची आणि गुडघा दुखायच्या आत खुर्चीत परत. पण अंगाला वेगळीच आठवण होती. ईश्वरीनं बाही धरून मला कुशीवर ओढलं, मी कलंडलो, आणि पाठ गादीला लागणार असं वाटताच माझं अख्खं शरीर ओरडलं, चित होऊ नको! मी झटकन उलटा होऊन पालथा पडलो. कुस्तीत पालथा पडलेला माणूस सुरक्षित असतो. त्याला उलथवायला घाम फुटतो. इथं मात्र पालथं पडणं म्हणजे स्वतःहून मान कापून हातात देणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी मांजरीसारखी पाठीवर चढली, पाय माझ्या पोटाभोवती अडकवले आणि तिचा काडीसारखा हात हनुवटीखालून गळ्यात शिरला. मी खरं बळ लावलं. नातीशी खेळताना लावू नये तेवढं लावलं. काही उपयोग झाला नाही. डोळ्यांपुढं तांबडी माती पसरायला लागली, आणि त्या मातीच्या पलीकडून गुरुजींचा आवाज आला, “शिवा! सतरा साते?”

मी ईश्वरीच्या दंडावर दोन बोटं आपटली; त्या गादीवर हरलो म्हणायची खूण तीच. तिनं लगेच सोडलं.

“आजोबा, तुम्ही मुद्दाम हरलात.”

“नाही गं. खरंच हरलो.”

“खोटं. तुम्ही तर गुरुजींना पाडलंय. मोठी माणसं मुद्दामच हरतात. बँकेवाले काकापण असंच म्हणतात, खरंच हरलो म्हणून.”

“अगं, माझा श्वास अडकला होता.”

“ॲक्टिंग छान करता हां तुम्ही,” म्हणून ती पाणी प्यायला पळाली. गुरुजी खुर्चीत इतके हसत होते की सरांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मी घामाघूम होऊन बाजूला बसलो, कवळी बसवली, आणि आता नाही तर कधीच नाही असं मनाशी म्हणून बोललो. म्हणालो, “गुरुजी, त्या दिवशी तुम्ही पाठ दिली होती. मला पाटील दिसले होते. मी सांगायला पाहिजे होतं. तुमची जोड माझ्यामुळं मोडली.”

ते हसायचे थांबले. मग म्हणाले, “कुणी सांगितलं तुला, मी दिली म्हणून?”

“तुमची दोन बोटं वाजली की.”

“हात घसरला आसंल. घाम होता. आरं, दारात पाव्हणे हाईत आन् मी पाठ देईन? येडा हाय का मी?”

“तुम्हाला चष्म्याशिवाय दिसत तरी होतं का? आणि पाठ तर दाराकडं होती.”

“फेटा दिसला होता मला. एवढा मोठा फेटा आंधळ्यालाबी दिसतोय. तुझी ढाक लागली, मी पडलो. खरंच पडलो. लई चांगली लागली होती.” आणि मग, ईश्वरीकडं हनुवटीनं दाखवत, “बग, खरं हरलेल्याचं कुणी खरं मानत न्हाई. तिनं तुझं मानलं का? तू माझं मानतूस का? मग.”

ते सांगतात ते खरं असेल तर पाटलांचं बरोबर होतं, माझ्यामुळं काही मोडलं नाही, आणि इतकी वर्षं मी उगाच एक ओझं वाहत आलो. आणि खरं नसेल, तर त्या जत्रेनंतर, बदलीनंतर, ऐंशी उलटल्यावरही हा माणूस मला अजून पाठ देतोच आहे. त्यातलं कुठलं खरं, याचा निवाडा करणारे मौला वस्ताद आज नाहीत, अप्पा नाहीत, पाटील नाहीत. म्हणून मला जे ठाऊक आहे ते मी इथं लिहिलं. बोटं दोन होती. ती घसरली नव्हती. मी त्या दोन बोटांच्या हुकमावर रोज डाव टाकत होतो. मला ती झोपेतही ओळखू आली असती.

हे प्रकरण लिहून झाल्यावर काल मी गुरुजींना वाचायला दिलं. त्यांनी सगळी पानं सावकाश वाचली, मास्तरांनी वाचावीत तशी, ओठ हलवत. मग चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला, पानं सारखी केली आणि माझ्या हातात परत दिली.

“शुद्धलेखन बरं हाय,” म्हणाले. “पयलं वाक्य तेवढं खोटं हाय. ते खोड.”

“खोडणार नाही, गुरुजी.”

“तुझी मर्जी, बन्सीलाल.”

निघताना त्यांची काठी खाली पडली होती ती उचलायला मी वाकलो. तेव्हा माझ्या पाठीवर त्यांचा हात आला. पुरता हात नव्हे. दोन बोटं, हलकेच.